भावाची ऑनलाइन खरेदी थांबत नाही: आजार, सवय की आणखी काही?

ताई, तुमच्या पत्रातली हकीगत थोडक्यात अशी. तुमचा धाकटा भाऊ 24 वर्षांचा, अमळनेर तालुक्यातल्या गावातून जळगावला नोकरीसाठी आलेला, पगार 18 हजार. खोलीवर बूट, इअरफोन, घड्याळे, शर्ट यांची खोकी पडलेली, त्यातली काही उघडलेलीही नाहीत. एका क्रेडिट कार्डाचे आणि तीन लोन अ‍ॅपचे देणे. गेल्या वर्षी वडिलांनी कापसाच्या पैशातून सगळे फेडले, पण सहा महिन्यांत तेवढेच पुन्हा झाले. वडील त्याला उधळ्या म्हणतात, आई म्हणते कुणाची तरी नजर लागली. तुम्ही विचारता, हा आजार आहे की आमचे संस्कार कमी पडले? आणि आता पुन्हा पैसे भरावेत का?

पैशांचे पुढे सांगतो. संस्कारांचे आत्ताच सांगून टाकतो: ते कमी पडलेले नाहीत. हा विचार मनात ठेवून तुम्ही भावाशी बोलायला गेलात तर पहिल्या पाच मिनिटांत बोलणे बंद होईल. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती न उघडलेली खोकी. ज्याला वस्तूची हाव असते तो खोके आल्या आल्या फाडतो. जो खोके तसेच पलंगाखाली सरकवून ठेवतो, त्याला ती वस्तू नकोच होती. त्याला ऑर्डर देतानाची दहा मिनिटे हवी होती.

हे नवे नाही. खरेदीच्या अनावर ओढीची नोंद एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने 1915 मध्येच केली होती, मोबाइल सोडाच, घरोघरी वीजसुद्धा नव्हती तेव्हा. जागतिक आरोग्य संघटनेचे जे आजारांचे वर्गीकरण जानेवारी 2022 पासून लागू झाले, त्यात आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांमध्ये या खरेदीचा उदाहरण म्हणून उल्लेख आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 च्या वर्गीकरणात मात्र त्याला स्वतंत्र जागा मिळालेली नाही. म्हणजे तज्ज्ञांमध्येही यावर पूर्ण एकमत नाही. निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून 2016 मध्ये काढलेला अंदाज असा, की प्रौढांमध्ये साधारण 5 टक्के आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांमध्ये 8 टक्क्यांच्या आसपास लोकांना हा त्रास असतो. तरुणांचे प्रमाण जास्त, हे लक्षात घ्या. तुमचा भाऊ एकटा नाही आणि जगावेगळाही नाही.

आता हे चालते कसे ते सांगतो.

आपल्या मेंदूत बक्षिसाची वाट पाहण्याची एक यंत्रणा आहे. वस्तू हातात पडण्यापेक्षा ती मिळणार या चाहुलीला ती जास्त जोमाने प्रतिसाद देते. 2007 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून वस्तू आणि किमती दाखवल्या. आवडलेली वस्तू दिसली की सुखाच्या अपेक्षेशी जोडलेला भाग जागा व्हायचा, आणि किंमत जास्त वाटली की त्रास आणि नकोसेपणा नोंदवणारा दुसराच भाग जागा व्हायचा. या दोघांच्या ओढाताणीवरून माणूस घेणार की नाही याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता आला. सोप्या भाषेत, पैसे देताना थोडे दुखते, आणि ते दुखणेच आपला लगाम असते. लगाम सैल करायचा तर दुखणे कमी करायचे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितले होते. रोख द्यायचे असे ज्यांना सांगितले त्यांच्यापेक्षा कार्डाने देणाऱ्यांची बोली जवळपास दुप्पट निघाली. शिकलेली, हिशेबाची मुले होती ती.

आता तुमच्या भावाची रात्र डोळ्यांसमोर आणा. मी त्याला भेटलेलो नाही, पण माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या त्याच्या वयाच्या मुलांकडून जे वर्षानुवर्षे ऐकतो त्यावरून सांगतो. ड्युटी संपते, मेसचा डबा खाऊन होतो, खोलीत रूम पार्टनर आपापल्या मोबाइलमध्ये असतात. दिवसभरात साहेब चारचौघांत काहीतरी बोललेला असतो, किंवा गावाकडून फोन आलेला असतो, की अमक्याच्या पोराने पुण्यात फ्लॅट घेतला, तू काय करतोस? छातीत काहीतरी दाटून येते. त्याला नाव देता येत नाही, कुणाला सांगता येत नाही. हात आपोआप अ‍ॅपकडे जातो. बघता बघता बरे वाटायला लागते. तुलना करायची, रंग निवडायचा, कूपन लावून बघायचे; एवढा वेळ तो स्वतःचा मालक असतो. ऑर्डर पडते आणि दाटलेले मोकळे होते. अर्ध्या तासाने हप्त्याची आठवण येते, मग अपराधीपणा, मग लपवणे. दुसऱ्या दिवशी छातीत कालच्यापेक्षा थोडे जास्तच दाटलेले असते, कारण आता त्यात कालच्या खरेदीची लाजही मिसळलेली असते.

ताई, मला तुम्हाला मुख्य गोष्ट सांगायची आहे ती हीच. ही खरेदी लाजेवर चालते. त्यामुळे लाज वाढवणारा प्रत्येक उपाय खरेदी वाढवतो. वडिलांनी पाहुण्यांसमोर त्याला उधळ्या म्हटले, त्या रात्री त्याने काही मागवले का, हे कधी शांतपणे विचारून पाहा. मुलांना मी खरेदीची नोंदवही ठेवायला सांगतो, बहुतेकांच्या वहीत सगळ्यात मोठ्या ऑर्डरी घरच्या भांडणानंतरच्या असतात.

आणि ही लाज त्याला कुठून मिळाली, हेही आपल्याला बघावे लागेल. आपल्या खान्देशात माणसाची किंमत वस्तूंवरून करायची रीत मोबाइलने आणलेली नाही. लग्नात बस्ता कुठे बांधला, हळदीला डीजे होता का, जळगावच्या सराफ बाजारातून किती तोळे आणले, याची चर्चा लग्नानंतर वर्षभर चालते. एक एकर विकून लग्न करणारी घरे तुमच्या आमच्या गावात आहेत. ‘लोके काय म्हनतीन’ हे वाक्य मुलगा लहानपणापासून ऐकतो. तो फक्त तेच वाक्य शहरात घेऊन येतो. फरक इतकाच, की वडिलांचा खर्च इज्जतीच्या खात्यात जमा होतो आणि मुलाचा उधळपट्टीच्या. मुलांना ही विसंगती बरोबर कळते, ती बोलून दाखवत नाहीत इतकेच.

त्यात अलीकडे आणखी एक दुखणे भर घालते आहे, आणि त्यावर घरात मोकळे बोलणे होत नाही. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही. पंचविशीकडे आलेला, किरकोळ पगारावरचा किंवा भरतीची तयारी करणारा मुलगा बायोडाटा देऊन देऊन थकतो. शेती नाकारली जाते, पगार नाकारला जातो. मग हातातला फोन, पायातले बूट, स्टेटसला ठेवलेला फोटो हे त्याच्याजवळचे एकमेव प्रमाणपत्र होऊन बसते. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडले होते, की स्वतःला मोजायला पक्के माप नसले की माणूस शेजाऱ्याकडे बघून स्वतःला मोजतो. आधी शेजारी म्हणजे गल्लीतली दहा घरे. आता रीलमधली सगळी दुनिया शेजारी झाली आहे, आणि तिथे प्रत्येक जण फक्त आपली दिवाळी दाखवतो.

मुलींचे आणि बायकांचेच हे वेड आहे, असा एक समज आहे. अभ्यासांत स्त्रियांचे प्रमाण जास्त दिसते हे खरे, पण मुलांच्या खरेदीला घरात खरेदी म्हणतच नाहीत. तो गाडीला नवे सायलेन्सर लावतो, दीड वर्षात फोन बदलतो, गेममध्ये पैसे घालतो, तर ती हौस. बहिणीने चार कुर्ते घेतले की ती उधळी. त्यामुळे मुलगे माझ्याकडे उशिरा पोहोचतात, कर्ज गळ्याशी आल्यावर.

पूर्वीच्या खरेदीला गावात आपोआप ब्रेक होते. पैसा हंगामी होता. कापूस विकला गेला किंवा केळीची पट्टी मिळाली की हातात पैसे यायचे, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे (वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचे) साल ठरायचे, मागचा हिशेब मिटायचा. बाजार आठवड्याला भरायचा किंवा एसटीने तालुक्याला जावे लागायचे. घरातल्या मोठ्यांना विचारावे लागायचे. आणि दुकानदार ओळखीचा असायचा, मागची बाकी असली तर तोच म्हणायचा, भाऊ, आधीचे तेवढे जमा करा. त्या उधारीत जाच होता, पिळवणूकही होती, मी तिचे गोडवे गात नाही. पण थांबवणारे कुणीतरी होते. आज फोनने हे सगळे ब्रेक एकदम काढून टाकले. 2016 मध्ये यूपीआय आले आणि पैसे देणे म्हणजे चार-सहा आकडे दाबणे झाले. मोठी सोय झाली, पण देतानाचे दुखणे गेले. मग हप्ते आले. 24 हजारांचा फोन म्हणजे महिना 2 हजार, एवढेच डोळ्यांना दिसते. बिनव्याजी म्हणून जे हप्ते विकतात, त्यातही बहुतेक वेळा वित्तसंस्था व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट दाखवून ते झाकतो, आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटी व प्रोसेसिंग फी ग्राहकाच्या माथी येते.

शिवाय अ‍ॅपची रचनाच घाई करायला लावणारी असते. ‘फक्त 2 शिल्लक’, उलटे धावणारे घड्याळ, न मागता टोपलीत पडलेला विमा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा 13 फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली, खोटी घाई दाखवणे त्यात पहिलेच आहे. तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. हे भावाला जरूर सांगा. आपण कमकुवत आहोत म्हणून फसलो, असे या मुलांना वाटत असते. समोर जाळे विणायला पगारी माणसे बसवलेली आहेत हे कळले की मान थोडी वर होते.

आता निदानाकडे येतो. प्रत्येक जास्त खरेदी हा आजार नसतो. पहिल्या पगारात मुले हात सैल सोडतात, दिवाळीला चूक होते, पुढच्या महिन्यात आपोआप सावरतात. मी काळजी करतो ती तेव्हा, जेव्हा खरेदीचा विचार दिवसभर डोक्यात घोळतो, थांबवायचे ठरवूनही थांबत नाही, नोकरी किंवा नाती त्यामुळे बिघडतात, आणि खोटे बोलणे सुरू होते. तुमच्या पत्रातल्या वर्णनात हे बरेचसे आहे.

पण त्याआधी दोन गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिली: जेवढा पैसा गेला तेवढ्या वस्तू दिसतात का? खोलीत पंधरा हजारांचा माल आणि कर्ज दीड लाखाचे असेल, तर पैसा दुसरीकडे गेला आहे. बहुतेक वेळा ते ऑनलाइन सट्टा किंवा पैशांचे गेम निघतात, आणि त्यांची वाट वेगळी. खरेदीचे नाव पुढे करून ते लपवले जाते, कारण घरात खरेदीची शिवी सट्ट्यापेक्षा हलकी असते. दुसरी: अधूनमधून असे काही दिवस येतात का, की तो तीन-चार तास झोपूनही ताजातवाना असतो, खूप बोलतो, मोठमोठे बेत सांगतो आणि त्याच दिवसांत बेसुमार खर्च करतो? तसे असेल तर हा मूडचा आजार असू शकतो, त्यावर औषधे लागतात आणि ती वेळेत लागतात. समुपदेशनावर भागवू नका, थेट मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. उदासी, भीती, लहानपणापासूनची चंचलता यांतलेही काही ना काही अनेकदा सोबत असते, तेही मानसोपचारतज्ज्ञच बघतील.

आता पैसे. वडिलांनी गेल्या वर्षी केले ते प्रेमापोटी केले, पण त्याने मुलाच्या मनात दोन गोष्टी एकदम बसल्या: मी बापाच्या कापसाचे पैसे खाल्ले, आणि अडचण आली की घर भरते. एक लाज वाढवणारी, दुसरी धीट करणारी. यंदा एकरकमी भरू नका. आधी एका कागदावर सगळे देणे उतरवा: कुणाचे, किती, व्याज किती, तारीख कोणती. हे काम तुम्ही आणि भाऊ दोघांनीच बसून करा, आईवडील नकोत. एक अट स्वतःला घाला. कागद पूर्ण होईपर्यंत ‘का घेतलेस’ हा प्रश्न विचारायचा नाही. मुले हमखास एक देणे मागे ठेवतात, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सांगतात. त्यासाठी जागा ठेवा.

क्रेडिट कार्ड बहुधा सर्वांत आधी संपवावे लागेल. आकडेमोड त्याच्यासमोर करा. समजा 40 हजार बाकी आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. महिन्याचे व्याज 1,400 रुपये, त्यावर जीएसटी 252. मिनिमम ड्यू, म्हणजे भरावीच लागणारी किमान रक्कम, 5 टक्क्यांनी 2,000 भरली, तर मुद्दलातून फक्त 348 रुपये गेले. ‘मी दर महिन्याला भरतोय ना’ असे तो म्हणत असेल, तर ते खरेच आहे, आणि तरी तो जिथल्या तिथेच आहे. बाकी थकलेली असताना नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. घरून मदत करायचीच असेल तर पैसे त्याच्या खात्यात टाकू नका, थेट देणे असलेल्या ठिकाणी भरा, कार्ड बंद करून घ्या, आणि ती रक्कम त्याने दरमहा थोडी थोडी तुम्हाला परत करायची असे लिहून ठेवा. पाचशे रुपये का असेनात. फेडतोय ही भावना त्याला उभे करते.

लोन अ‍ॅपचे बारकाईने बघा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये डिजिटल कर्जाचे नियम काढले. कर्ज बँकेचे किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेचे असायला हवे, पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवेत, एकूण खर्च आधी लेखी सांगायला हवा. वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 च्या नंतर करता येत नाहीत. एखादे अ‍ॅप फोनमधल्या नातेवाइकांना मेसेज करते, फोटो विद्रूप करून धमकावते, तर तो गुन्हा आहे. स्क्रीनशॉट ठेवा, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, सायबर पोलिसांकडे तक्रार करा. धमक्यांना घाबरून एका अ‍ॅपचे फेडायला दुसऱ्या अ‍ॅपचे घ्यायचे, हा खड्डा सगळ्यात वाईट. अशा धमक्यांच्या दिवसांत मुलगा गप्प झाला, जेवण सोडले, ‘मी नसतो तर बरे’ असे काही बोलला, तर पैशांचा विषय तिथेच सोडा आणि त्याला एकटे ठेवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते.

खरेदीवर काम करताना मी मुलांना पहिल्या आठवड्यात काहीही बंद करायला सांगत नाही. फक्त लिहायला सांगतो. अ‍ॅप उघडले ती वेळ, त्याआधी काय झाले, मनात काय होते, घेतले का, किती रुपयांचे, तासाभराने कसे वाटले. दहा-बारा दिवसांत मुलगा स्वतःच सांगतो, सर, रविवारी संध्याकाळी आणि साहेबाशी वाजल्यावर. कारण त्याचे त्यानेच शोधले की पुढचे सोपे होते. मग त्या वेळेला दुसरे काही बसवायचे. मेहरूण तलावाला फेरी, जिम, क्रिकेट, मित्राच्या खोलीवर स्वयंपाक, काहीही. पण ते माणसांसोबत असले पाहिजे, कारण पोकळी माणसांचीच असते.

त्यानंतर ब्रेक परत बसवायचे. अ‍ॅपमधले कार्डाचे तपशील पुसायचे, नोटिफिकेशन बंद, यूपीआयची रोजची मर्यादा कमी, आठवड्याचा खर्च रोखीने. काही हवेसे वाटले तर वहीत लिहायचे आणि तीन दिवसांनी बघायचे. कॅश ऑन डिलिव्हरीचा एक फसवा प्रकार आपल्याकडे फार आहे. पैसे आत्ता द्यायचे नाहीत म्हणून ऑर्डरचा हात अधिकच मोकळा सुटतो, आणि पार्सल आले की मित्राकडून उसने घ्यायचे. तेही वहीत यायला हवे. आणि एक विनंती, पार्सल घरच्यांसमोर उघडायला लावणे, फोन काढून घेणे, खोलीची झडती घेणे, हे करू नका. चोवीस वर्षांच्या मुलाची झडती घेतली तर तो लपवायला आणखी चांगला शिकतो.

उपचारांत विचार आणि वर्तन बदलण्याच्या पद्धतीचा, म्हणजे सीबीटीचा, उपयोग सगळ्यात चांगला दिसलेला आहे. साधारण दहा-बारा बैठका लागतात. खरेदी थांबवण्याची म्हणून खास गोळी नाही. नैराश्याच्या औषधांवर प्रयोग झाले, निकाल उलटसुलट आले. सोबत नैराश्य असेल तर त्यासाठी औषध जरूर घ्यावे. मधे एखादी मोठी ऑर्डर पुन्हा पडेल, त्याने सगळे वाया गेले असे समजू नका. त्या दिवशीची नोंद फक्त अधिक नीट लिहायची.

वडिलांशी तुम्हीच बोला. त्यांना माफ करा म्हणू नका, ते त्यांना जमणार नाही. एवढेच सांगा, की पुढचे तीन महिने पाहुण्यांसमोर आणि फोनवर पैशांचा विषय काढायचा नाही. विषय फक्त ठरलेल्या दिवशी, कागद समोर ठेवून निघेल. माझ्या अनुभवात वडील एवढे पाळतात, कारण त्यात त्यांनाही सुटका असते. आईंनी दृष्ट काढली तर काढू द्या, त्याने काही बिघडत नाही. ती त्याला उधळ्या म्हणत नाही, ही तिची मोठी मदत आहे.

भाऊ स्वतःहून यायला तयार नसेल तर आधी तुम्ही एकट्या या. जळगाव, धुळे, नंदुरबार, जिथे सोयीचे असेल तिथल्या शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही सुरुवात करता येते, तिथे खर्चही फारसा येत नाही. पहिल्या भेटीला गेल्या तीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट, कार्डाचे शेवटचे बिल आणि तो देण्यांचा कागद, अर्धवट असला तरी चालेल, एवढे सोबत आणा. त्याला येताना काय सांगायचे म्हणून विचाराल, तर सांगा: तुझ्या खर्चाबद्दल बोलायला जात नाही आहोत, रात्री तुला झोप का लागत नाही ते विचारायला जातोय.